दीर्घ संसारानंतरचा घटस्फोट: पुढचे दिवस उभे कसे करावेत?

तुमच्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा आहे. वय 54, संसार 28 वर्षांचा, परस्परसंमतीने घटस्फोट होऊन नऊ महिने झाले. मुलगा आणि मुलगी दोघेही कमावते असून आपापल्या घरी राहतात. वेगळे होण्याचा निर्णय तुमचा होता आणि तो का घेतला हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. तरीही संध्याकाळ झाली की त्याच माणसाची आठवण येते आणि आपले काही चुकले तर नाही ना, अशी शंका मनात घर करते. रोज रात्री तुम्ही डायरीत सगळे लिहून काढता, पण मन हलके होण्याऐवजी जास्तच जड होते. जवळची माणसे 'आता स्वतःसाठी जगा' म्हणतात, पण ते कसे करायचे हे कोणी सांगत नाही. शिवाय पुढच्या वर्षी मुलीचे लग्न आहे आणि तिथे तुमचे पूर्वीचे पती समोर येणार आहेत. वैवाहिक समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षे अशा स्त्री-पुरुषांबरोबर काम करते आहे, त्या अनुभवावरून आणि या विषयात झालेल्या अभ्यासावरून उत्तर देते.

आठवणीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याची सावली बाकीच्या सगळ्या प्रश्नांवर पडलेली आहे. ज्याच्याबरोबर राहणे नकोसे झाले होते त्याचीच आठवण येणे, ही निर्णय चुकल्याची खूण नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1970च्या दशकात विभक्त झालेल्या जोडीदारांचा बारकाईने अभ्यास केला. प्रेम, आदर आणि विश्वास ओसरून गेले तरी ओढ मागे राहते, आणि समोरचा माणूस चांगला होता की वाईट याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो, असे त्यांना दिसून आले. ही ओढ सहवासातून तयार होते. इतक्या वर्षांत शेजारच्या खोलीतली हालचाल, कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, रात्री दिवा मालवण्याची ठरलेली वेळ या गोष्टी तुमच्या शरीराने 'सगळे ठीक आहे' याच्या खुणा म्हणून स्वीकारलेल्या होत्या. त्या खुणा एकाएकी नाहीशा झाल्यावर शरीर बेचैन होते आणि मन त्या बेचैनीला अर्थ लावायला बसते. 'मी चुकले' हा अर्थ चटकन हाताशी येतो, म्हणून तो खरा वाटतो. निर्णय बरोबर होता की नाही हे तपासायचेच असेल, तर संध्याकाळी सात वाजता दाटून येणाऱ्या भावनेला विचारू नका. निर्णयाच्या आधीची वर्षे कशी गेली ते सकाळच्या शांत वेळी आठवून पाहा.

या दुःखाची आणखी एक अडचण अशी की त्याला समाजात जागा नसते. मृत्यूनंतर माणसे भेटायला येतात, जवळ बसतात, रडू देतात. घटस्फोटानंतर, त्यातही निर्णय आपला असेल तर, 'तुम्हालाच हवा होता ना' या एका वाक्यापाशी बोलणे संपते. ज्या शोकाला आजूबाजूचे लोक शोक म्हणून मान्यताच देत नाहीत, त्याचा विचार केनेथ डोका यांनी 1989 मध्ये सविस्तर मांडला, आणि घटस्फोटानंतरचे दुःख त्यात अगदी चपखल बसते. 28 वर्षांचा काळ संपला आहे. तो सुखाचा होता की नव्हता, हा वेगळा प्रश्न. त्याचे दुःख करण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी निर्णय मागे घ्यावा लागत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येते. दीर्घ संसारानंतरच्या घटस्फोटाबद्दल बोलताना सगळे जण भावनांविषयी बोलतात. त्या असतातच. पण माझ्याकडे येणारी माणसे खचतात ती बहुतेक वेळा अशा ठिकाणी, जिथे भावनेशी थेट संबंध नसतो: विम्याचा हप्ता कधी भरायचा, मोठ्या मुलाचा रक्तगट कोणता, गीझर बिघडला तर कोणाला बोलवायचे, मागच्या खेपेला डॉक्टरांनी कोणती गोळी बंद करायला सांगितली होती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1985 मध्ये असे मांडले की जवळच्या नात्यातली माणसे स्मरणशक्तीही वाटून घेतात. एक जण कागदपत्रे लक्षात ठेवतो, दुसरा वाढदिवस आणि नातीगोती. प्रत्येकाला आपला वाटा तर माहीत असतोच, शिवाय 'हे त्याला विचारले की कळेल' हेही माहीत असते. ही वाटणी कोणी बसून ठरवत नाही, ती वर्षानुवर्षे आपोआप होत जाते. 28 वर्षांनंतर वेगळे होताना घर, पैसा आणि वस्तू यांची वाटणी होते, मात्र या सामायिक स्मरणाची होत नाही. म्हणून एखादी कर्तबगार, शिकलेली, नोकरीत दहा माणसांना कामाला लावणारी बाई एखाद्या साध्या अर्जासमोर हतबल होते आणि 'मी इतकी कशी दुबळी' म्हणून स्वतःला दोष देते. यात दुबळेपणा नाही. तुमच्या ज्ञानाचा एक मोठा भाग दुसऱ्या माणसाच्या डोक्यात ठेवलेला होता, आणि तो माणूस आता विचारता येण्याजोगा राहिलेला नाही.

पुरुषांच्या बाबतीत हेच चित्र उलट्या बाजूने दिसते. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना दवाखान्यातल्या अर्जात 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' हा रकाना भरता आला नव्हता. पेन हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी अर्ज अर्धवट ठेवून घरी परतले. त्यांना आर्थिक व्यवहार तोंडपाठ होते. पण गेली कित्येक वर्षे नातेवाइकांचे, मित्रांचे, शेजाऱ्यांचे सगळे धागे त्यांच्या पत्नीने धरून ठेवले होते, आणि फोन करावा असे एकही नाव त्यांना सुचले नाही. आम्ही पुढचे काही आठवडे त्याच रकान्यावर काम केले. एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून 'तुझे नाव दिले तर चालेल का' एवढे विचारण्याचे बळ यायला त्यांना वेळ लागला. तो फोन झाल्यावर मात्र बाकीच्या गोष्टी सुटत गेल्या.

तुम्हाला म्हणूनच माझा पहिला सल्ला असा आहे की 'नवे आयुष्य', 'स्वतःचा शोध' हे मोठे विषय तूर्त बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. गेल्या 28 वर्षांत जे जे 'ते बघतील' या खात्यात जात होते ते आठवेल तसे त्यात लिहीत जा. यादी एका बैठकीत होणार नाही, कारण अनेक गोष्टी अडल्यावरच लक्षात येतात. मग आठवड्याला त्यातली एकच गोष्ट पूर्णपणे आपल्या हाती घ्या. पूर्णपणे याचा अर्थ, ती कशी चालते हे समजून घ्यायचे, कागद कुठे आहेत हे पाहायचे, आणि पुढची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकायची. मुलाला सांगून करून घेतले तर काम होईल, पण त्या गोष्टीचे ज्ञान पुन्हा दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसेल. त्याला शेजारी बसवून विचारा, बटण मात्र स्वतः दाबा.

या वहीत पैशाची पाने सर्वांत आधी यावीत. बँक खाती, मुदतठेवी, विमा, निवृत्तिवेतन, गुंतवणूक यांत पूर्वीच्या जोडीदाराचे नाव सहखातेदार किंवा नामनिर्देशित व्यक्ती म्हणून तसेच राहिलेले असते, आणि घटस्फोटाच्या हुकुमाने ते सगळीकडे आपोआप बदलते असे मुळीच गृहीत धरू नका. जुने मृत्युपत्र असेल तर तेही वकिलाला दाखवा. एकमेकांसाठी जामीन राहिला असाल किंवा कर्जाच्या कागदावर सह्या असतील, तर त्या जबाबदाऱ्यांचे काय झाले हे लेखी विचारून घ्या. त्यानंतर एका वर्षाचा खर्च महिन्यावार मांडून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाबरवणारेही आहे, पण ते टाळणे जास्त महागात पडते. पन्नाशीनंतरच्या घटस्फोटांवर सुझन ब्राउन आणि आय-फेन लिन यांनी अमेरिकेत मोठे काम केले आहे. तिथे या वयोगटातील घटस्फोटांचे प्रमाण 1990 ते 2010 या काळात दुप्पट झाले, आणि अशा घटस्फोटानंतर स्त्रियांचे राहणीमान सरासरी 45 टक्क्यांनी तर पुरुषांचे 21 टक्क्यांनी खाली आले, असे त्यांना आढळले. तिथले आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. कारण मात्र सगळीकडे सारखेच आहे: दोन माणसांच्या उत्पन्नावर एक घर चालवणे आणि एकेकाच्या उत्पन्नावर दोन घरे चालवणे यांत मोठा फरक असतो, आणि या वयात कमाईची उरलेली वर्षे कमी असतात. म्हणून पहिल्या वर्षात घर विकणे, मोठी रक्कम मुलांना देऊन टाकणे, किंवा कोणाच्या तरी व्यवसायात पैसे गुंतवणे यांसारखे परत न फिरवता येणारे निर्णय शक्य असेल तर पुढे ढकला.

डायरीबद्दल. मन मोकळे करून लिहिण्याचा उपाय जेम्स पेनेबेकर यांच्या 1980च्या दशकातील प्रयोगांपासून सर्वत्र पसरला आणि अनेक प्रकारच्या आघातांत तो उपयोगी ठरतो. पण डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या माणसांवर तो तपासला, तेव्हा निकाल वेगळा आला. जी माणसे मुळातच 'हे असे का झाले' या प्रश्नाभोवती घुटमळत होती, त्यांना भावनांविषयी लिहिल्याने अधिक त्रास झाला. त्याउलट, दिवसभरात काय काय केले याची साधी, भावनाविरहित नोंद ज्यांना करायला सांगितली होती, त्यांच्यातली अशी माणसे काही महिन्यांनी अधिक सावरलेली दिसली. तुमच्या पत्रात 'का' हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की तुम्ही या गटात असाल असे मला मनापासून वाटते. तेव्हा डायरी बंद करू नका, तिचा विषय बदला. आज काय केले, कोण भेटले, कोणते काम उरकले, उद्या काय करायचे आहे, एवढेच लिहा. 'का' या प्रश्नाला बसायला जागा हवीच असेल, तर ती आठवड्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, एखाद्या समुपदेशकासमोर द्या. तिथे कोणीतरी दुसरे ऐकणारे असते आणि तासाभराने थांबवणारेही असते.

याच संशोधकांचा त्याआधीचा, 2012 मधला एक अभ्यासही मला मोलाचा वाटतो. घटस्फोटितांना पूर्वीच्या जोडीदाराविषयी मनात येईल ते चार मिनिटे बोलायला सांगून ते ध्वनिमुद्रित केले होते, आणि त्या बोलण्यात स्वतःविषयी किती ममत्व जाणवते हे त्रयस्थ माणसांनी ऐकून ठरवले. ज्यांच्या बोलण्यात ते जास्त होते, त्यांना पुढील नऊ महिने घटस्फोटाच्या विचारांचा त्रास कमी झाला. इथे ममत्व म्हणजे स्वतःचे लाड करणे किंवा आपली काहीच चूक नव्हती असे म्हणणे अभिप्रेत नाही. जिवलग मैत्रीण हेच दुःख घेऊन आली असती तर तिच्याशी ज्या सुरात बोलला असता, तो सूर स्वतःशी बोलताना वापरणे, एवढाच त्याचा अर्थ. 'इतकी वर्षे वाया घालवली' हे वाक्य तुम्ही मैत्रिणीला ऐकवले असते का, ते पाहा.

संध्याकाळच्या वेळेचे काय करावे, हे तुम्ही वेगळे विचारले आहे. शोकातून सावरणारी माणसे सतत दुःखाला सामोरी जात नाहीत आणि सतत कामात बुडूनही राहत नाहीत. ती दोन्हींकडे आळीपाळीने वळतात, असे प्रतिमान मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांनी 1999 मध्ये मांडले. ते जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या शोकासाठी होते, तरी घटस्फोटालाही लागू पडते असा माझा अनुभव आहे. तेव्हा एखाद्या संध्याकाळी जुने फोटो काढून रडलात तर त्यात काही बिघडलेले नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पोट धरून हसलात तर दुःख खोटे होते असेही नाही. घड्याळाचा काटा जिथे सर्वांत जड होतो, तो तास मात्र मोकळा सोडू नका. त्या तासाला घराबाहेर नेणारे, ठरलेल्या दिवशी होणारे आणि तुम्ही न गेल्यास कोणाच्या तरी लक्षात येईल असे काहीतरी हवे: गाण्याचा वर्ग, वाचनालयातले काम, पोहणे, एखादी भाषा शिकणे. ठरलेले असण्याला इथे आवडीपेक्षा जास्त महत्त्व आहे, कारण सुरुवातीला कशाचीच आवड वाटत नाही. झोपण्याची वेळ मागेपुढे झाली तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. आणि सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातला बराच वेळ मन खिन्न राहत असेल, भूक किंवा झोप बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नको असा विचार मनात आला तर मात्र दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

एकटेपणाविषयी वाइस यांचेच आणखी एक निरीक्षण आहे. एकटेपणा दोन प्रकारचा असतो: एक जिवाभावाच्या एका माणसाच्या अभावाचा, दुसरा आपल्या म्हणवणाऱ्या वर्तुळाच्या अभावाचा, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मोठ्या घोळक्यातून घरी आल्यावर जास्तच रिते का वाटते, याचे उत्तर इथे आहे. तुमचे वर्तुळ तर दुहेरी अडचणीत आले आहे, कारण दीर्घ संसारात मित्रमंडळी बहुधा जोडप्यांची असतात. त्यांपैकी काही जण पूर्वीच्या पतींच्या बाजूला जातील, काही कोणाचीच बाजू घ्यायला नको म्हणून दोघांनाही टाळतील. यातले बरेचसे दुरावणे संकोचापोटी असते, द्वेषापोटी नसते. ज्या दोन-तीन माणसांना गमवायचे नाही, त्यांना तुम्हीच फोन करा आणि स्पष्ट सांगा की 'तुमची त्यांच्याशीही मैत्री राहिली तरी मला चालेल, फक्त त्यांची बातमी मला देऊ नका आणि माझी त्यांना देऊ नका.' एवढ्या एका वाक्याने बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

मुलांबाबत थोडक्यात सांगते. ती मोठी आहेत म्हणून त्यांना फारसे लागले नसेल, असे समजू नका. मोठ्या मुलांसमोर आपले सगळे बालपण पुन्हा तपासून पाहण्याची वेळ येते: आपण आनंदी घरात वाढलो असे वाटत होते, ते खरे होते की देखावा? त्यांनी विचारले तर चांगले दिवस खरोखर चांगले होते हे सांगा, कारण ते खरे असणार. वडिलांविषयीची तक्रार त्यांच्यापाशी करू नका आणि त्यांना निरोप्या बनवू नका. मुलगी रोज रात्री तुमची विचारपूस करत असेल, तर आठवड्यातले काही दिवस तिला त्यातून मोकळे करा.

'स्वतःसाठी जगा' म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण आपण कोण हेच धूसर झालेले असताना हा सल्ला ओझे होतो. नाते तुटल्यावर स्वतःविषयीची कल्पना अस्पष्ट होते आणि ती अस्पष्टता मानसिक त्रासात भर घालते, असे एरिका स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवले. ती स्पष्ट व्हायला लहान निवडींचा उपयोग होतो. खिडकीचा पडदा कोणत्या रंगाचा हवा, रविवारी किती वाजता उठायचे, दूरदर्शन संच मुळात हवा आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे आजवर तडजोडीने ठरली होती; आता ती एकेक करून पुन्हा द्या आणि चुकल्यास बदला. नव्या साथीदाराचा विचार मनात आला तर अपराधी वाटून घेऊ नका, आला नाही तर तो यायलाच हवा असेही नाही. माझा आग्रह एवढाच की त्या वहीतली पैशाची आणि कागदपत्रांची पाने तुमच्या हाती आलेली असावीत. नाहीतर ते सगळे न कळत पुन्हा दुसऱ्या माणसाकडे सोपवले जाते, आणि साथ हवी आहे की आधार, हे तुमचे तुम्हालाच कळेनासे होते.

राहिला लग्नाचा प्रश्न. पूर्वीच्या पतींना पाहुण्यांसमोर पहिल्यांदा भेटण्याची वेळ येऊ देऊ नका. त्याआधी दोन-तीन महिने, मुलीच्या उपस्थितीत, केवळ कार्यक्रमाच्या नियोजनासाठी एक छोटी बैठक घ्या. विषय, वेळ आणि जागा आधी ठरवा, आणि जुना विषय निघाला तर 'आज फक्त लग्नाचे बोलू' एवढे म्हणून पुढे चला. खर्चाची वाटणी लेखी असू द्या. निमंत्रणपत्रिकेत नावे कशी असावीत, कोणत्या फोटोत तुम्ही दोघे एकत्र असाल आणि कोणत्या नाही, त्यांच्याबरोबर कोणी नवी व्यक्ती येणार आहे का, हे मुलीला आधीच विचारून घ्या. तिची इच्छा तुमच्या सोयीहून वेगळी असेल, तर त्या एका दिवसापुरती तिची मान्य करा. प्रत्यक्ष दिवशी मात्र एक जवळची मैत्रीण सतत तुमच्या आसपास राहील असे पाहा, दहा मिनिटे एकटीने बसता येईल अशी एक खोली तुमच्यासाठी ठेवायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला कोणाला तरी आत्ताच बोलावून ठेवा, कारण समारंभ तुम्ही निभावून न्याल, पण तो उरकून सगळे पांगल्यावर पुन्हा तीच ओढ दाटून येण्याची शक्यता जास्त आहे.